तुलनेचा माणूस

वकीलसाहेब भर कोर्टात बोलायला उभे राहिले, चष्मा काढायला कोटाच्या खिशात हात घातला आणि बाटलीचं बूच उघडायचं ओपनर काढून न्यायाधीशांसमोर धरलं. झालं! लाँड्रीची इतक्या वर्षांची अब्रू त्या दिवशी गेली. संध्याकाळी वकीलसाहेब दुकानात येऊन थडकले आणि अंगातला काळा कोट काढून त्यांनी काउंटरवर आपटला. तो कोट पलीकडच्या हॉटेलातल्या वेटरचा होता. वेटर बिचारा दोन दिवस वकीलसाहेबांचा कोट घालून सूप वाढत होता, आणि गिऱ्हाइकं त्याला उगाचच अहो-जाहो करत होती.

धुतलेल्या कोटाच्या खिशात ओपनर राहिलंच कसं, असं कोणी विचारेल. राहिलं नव्हतं. खिशात जे सापडेल ते बाजूला काढून ठेवायचं आणि इस्त्री झाली की त्याच खिशात परत घालायचं, हा त्या दुकानाचा नेम होता. म्हणजे ओपनर अगदी बरोबर खिशात गेलं होतं. कोट तेवढा भलत्याच्या अंगावर गेला होता.

"अहो, तुम्हीच लावलात ना दांडीवर?" काउंटरमागून काकू नवऱ्याला म्हणाल्या. "विसरलात तुम्ही."

वकीलसाहेबांसमोर! दुकानाचे मालक तिथेच इस्त्रीच्या टेबलाशी उभे होते, त्यांचे कान तापले. सगळी गल्ली त्यांना कडककाका म्हणायची. ते नाव त्यांनी केलेल्या कॉलरींमुळे पडलं असं ते सांगत, स्वभावामुळे पडलं असं काकू सांगत. पण त्या दिवशी काकांनी इस्त्री उभी केली आणि ते मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यायले.

ते दुकान कसं चालायचं हे आधी सांगायला हवं, नाहीतर काकांचा संताप कळायचा नाही. बाकीच्या लाँड्रीत कपड्याला चिठ्ठी टाचतात, नंबर घालतात, कॉलरच्या आत शाईने खूण करतात. इथे असलं काही नाही. कपडा काउंटरवर आला की काकू एकदा कपड्याकडे बघायच्या, एकदा माणसाकडे, आणि संपलं. धुऊन आला की त्या नुसतं म्हणायच्या, "हा शाळेतल्या बाईंचा, हा पुलाजवळच्या दंतवैद्याचा." काका इस्त्री करून तो दांडीवर लावायचे. दांडीचं हे टोक नाक्यावरच्या लोकांचं, ते टोक पुलापलीकडच्यांचं, मधे हॉटेल आणि कोर्टवाले. माणूस दारात दिसला की काकूंचा हात आपोआप त्याच्या हँगरवर जायचा. लोक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला घेऊन यायचे. लेकीने किती वेळा सांगितलं, आई, चिठ्ठ्या लाव गं, पण काकू नाक मुरडायच्या. चिठ्ठ्या लावतात त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, म्हणायच्या.

आणि गेलं वर्षभर कपडे इकडचे तिकडे जात होते. आधी एखादा टॉवेल गेला. मग दंतवैद्याचा पांढरा कोट शाळेतल्या बाईंना गेला. प्रत्येक वेळी काकूंचं एकच, "अहो, तुम्ही विसरलात." सुरुवातीला हसत म्हणायच्या. मग चिडून म्हणायला लागल्या, ते काकांना चाललं, कारण चिडण्यात काका त्यांना हार जाणारे नव्हते. पण अलीकडे त्या हळू आवाजात म्हणत. आजाऱ्याशी बोलतात तशा. "असू दे हं, होतं असं," म्हणून हातावर थोपटायच्या. काकांच्या डोक्यात तिडीक जायची. बायकोने उभं राहून चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, पण हे थोपटणं नको.

मग ती फोनची भानगड. लेक दुसऱ्या शहरात राहायची, रोज सकाळी तिचा फोन यायचा. एका सकाळी काका दारात पायपुसण्यावर पाय पुसत होते आणि काकू आत बोलत होत्या. "नको, त्यांना आत्ताच काही सांगू नकोस. चिडतील. आधी डोकं तपासून घेऊ, मग दुकानाचं बघू." काकांनी कान टवकारले. पलीकडून लेक काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण काकू म्हणाल्या, "हो गं, खोली तयारच ठेव."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. अच्छा! असं आहे होय! लेक गेली किती वर्षं मागे लागली होती की दुकान बंद करा आणि आमच्याकडे या, लिफ्ट आहे, खिडकी आहे, बाग दिसते. काकांनी प्रत्येक वेळी तिला उडवून लावलं होतं. खिडकीत बसून बाग बघायला ते काय कुंडीतलं झाड होते? इस्त्री हातात असेपर्यंत आपण माणूस, असं त्यांचं सरळ गणित होतं. आणि आता मायलेकींनी नवी वाट काढली होती तर. बापाला वेडा ठरवायचं. एकदा माणसाच्या डोक्यावर शिक्का बसला की तो भूक लागली म्हणाला तरी लोक आधी एकमेकांकडे बघतात. मग दुकान काय, दात घासायचा ब्रशसुद्धा दुसरं कोणीतरी निवडणार.

सुतावरून स्वर्ग गाठणारे लोक असतात, पण काका कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी पुरावा गोळा करायचं ठरवलं. दांडीवर कपडा लावला की हँगरच्या आकड्याला पांढऱ्या दोऱ्याचा एक वेढा द्यायचा आणि तो दांडीला बांधायचा, अगदी बारीक, दिसू नये असा. कपडा कोणी हलवला की दोरा तुटणार. पहिल्याच दिवशी दुपारी उठून बघतात तो काय, अर्धे दोरे तुटलेले! गिऱ्हाईक तर एकही आलं नव्हतं. दुकान दुपारचं बंद असायचं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर काका मागच्या खोलीत आडवे झाले आणि खोटं खोटं घोरायला लागले. एक डोळा किलकिला ठेवला. थोड्या वेळाने काकू उठल्या, चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी पुढच्या खोलीत गेल्या. दांडीशी उभ्या राहिल्या. दंतवैद्याचा कोट काढला, तो नाक्याच्या टोकाला लावला. मग शाळेतल्या बाईंचा झगा काढून पुलाच्या टोकाला नेला. परत आणला. परत नेला. तोंडाने काही पुटपुटत होत्या. वेटरचा कोट हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या.

संशय घेणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. इतकी वर्षं एका ताटात जेवलेली बाई, आणि चपला हातात घेऊन, चोरपावलांनी, नवऱ्याला वेडा ठरवायला कपड्यांची अदलाबदल करते! तिथल्या तिथे उठून ओरडावं असं काकांना वाटलं. पण मग त्यांनी विचार केला. आत्ता बोललो तर काय होईल? ही कानांवर हात ठेवील आणि लेकीला सांगेल, बघ गं, आता बाबांना भासही व्हायला लागले. नाही. आधी डोकं शाबूत असल्याचा दाखला हातात हवा. मग सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावायचा.

म्हणून लेकीने फोनवर घाबरत घाबरत विषय काढला, "बाबा, एक नवीन तपासणी आहे, रागावू नका हं," तेव्हा काका म्हणाले, "रागवायचं काय त्यात? कधी जायचं?" काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि वळून बघितलं. बघा म्हणावं, काका मनात म्हणाले, बघा.

दवाखाना नवा होता. भिंती पांढऱ्या, खुर्च्या निळ्या, आणि बोलणारी प्रत्येक व्यक्ती गोड. इतकं गोड बोलतात तिथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे काकांनी दारातच ओळखलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावून सांगितलं. माणसाला विसरायला व्हायच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूचं काम मंदावायला सुरुवात होते, बाहेरून पत्ताही लागत नाही. ते लवकर कळावं म्हणून ही तपासणी. सुई नाही, औषध नाही, दुखणंखुपणं काही नाही. डोक्यावर एक हेल्मेट बसवतात. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा विजेच्या हालचाली होतात, त्यातून अगदी पुसटसं चुंबकत्व तयार होतं, ते हे हेल्मेट बाहेरूनच टिपतं.

"म्हणजे मनातलं कळतं?" काकांनी विचारलं.

"नाही हो काका. मेंदू काम कसा करतो ते कळतं. काय विचार करतो ते नाही."

असं म्हणायची पद्धत असणार, काकांनी ठरवून टाकलं.

"आणि काकू, तुमचंही करायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्याच्याबद्दल शंका आहे त्याच्या सोबत घरातलंच एक धडधाकट माणूस आम्ही तपासतो. एकच घर, एकच खाणंपिणं, वयही साधारण तेच. तुलनेला बरं पडतं."

"मी तुलनेचा माणूस!" काकू खुशीत म्हणाल्या. "बघा, आयुष्यभर तुमच्याशी तुलना करून घ्यायची राहिली होती, तीही होऊन जाऊ दे."

डॉक्टरीणबाई हसल्या. काका हसले नाहीत. ज्याच्याबद्दल शंका आहे तो, आणि धडधाकट माणूस. निकाल आधीच लागलेला दिसत होता.

हेल्मेटच्या खोलीत लोखंडाचा कणही न्यायचा नव्हता. हेल्मेट सांभाळणाऱ्या मुलीने काकांना पट्टा काढायला लावला, घड्याळ काढायला लावलं, किल्ल्या काढायला लावल्या. तरी तिच्या हातातली काठी शिट्टी मारतच होती. लाँड्रीवाल्याच्या अंगात टाचण्या असायच्याच! कॉलरच्या आत एक निघाली, बाहीच्या दुमडीत एक, पँटच्या काठात दोन. "काका, तुम्ही माणूस आहात का उशी?" मुलगी म्हणाली. काकू मागे खळखळून हसल्या. ही मुलगीही हिला सामील आहे का, हा विचार काकांच्या डोक्यात येऊन गेला, खोटं कशाला सांगा.

शेवटी बंद खोलीत खुर्चीवर बसवून डोक्यावर ते धूड उतरवलं. बायकांच्या केशकर्तनालयात केस वाळवायचं असतं तसं दिसत होतं. दार जाडजूड होतं, लागलं तसं बाहेरचं सगळं एकदम गप्प झालं. समोरच्या पडद्यावर चित्रं यायची, आधी येऊन गेलेलं चित्र परत आलं की बटण दाबायचं. काकांना तो पोरखेळ वाटला. त्यांना भीती दुसरीच होती. डॉक्टरीणबाई काही म्हणोत, यंत्राला मनातलं कळलं तर? दोऱ्यांचं कळलं तर? त्यांनी दोऱ्यांचा विचार करायचा नाही असं ठरवलं, आणि मग अर्थातच दुसरं काही सुचेचना.

"काका, दात आवळू नका," भिंतीतून मुलीचा आवाज आला. "जबडा सैल सोडा. जबड्याचाच गोंधळ येतोय सगळा."

काकांनी जबडा सोडला. त्या मुलीला दिसतं तरी काय काय, म्हणून अंगाला घाम फुटला.

मग काकू आत गेल्या. काका बाहेर, मुलगी बसते त्या खोलीच्या काचेला नाक लावून उभे राहिले; तिथून पलीकडच्या काचेतून हेल्मेटची खोलीही दिसत होती. डोळ्यांत तेल घालून पाहायचं ठरवलंच होतं. काकू खुर्चीत आरामात बसल्या, हेल्मेटखालून त्यांनी काकांना हातही हलवला. मुलगी पडद्यासमोर बसून काहीतरी गुणगुणत होती. थोड्या वेळाने तिचं गुणगुणणं थांबलं. ती पडद्याच्या जवळ सरकली. उठली, डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. दोघी पडद्याकडे बघत हळू आवाजात बोलल्या, आणि मग दोघींनी एकदमच वळून काचेतून काकांकडे पाहिलं.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते काकांना तेव्हा कळलं. तरी म्हणावं, ही आत असताना माझ्याकडे का बघतायत? माझाच कागद उघडून बसल्या असतील. मिटलं सगळं, बसला शिक्का.

निकाल द्यायला आठवड्याने बोलावलं होतं. तो आठवडा काकांनी कसा काढला त्यांचं त्यांना माहीत. खायचं प्यायचं ते संशयाने. काकूंनी एक दिवस चहात साखरेऐवजी मीठ घातलं, काकांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि मुद्दाम काही बोलले नाहीत. बोललं की म्हणणार, तुमची जीभ गेली. दुपारी ते घोरण्याचं सोंग करत आणि अनवाणी पावलांचा कानोसा घेत. लेकीचा फोन आला की दाराशी जाऊन उभे राहत. इस्त्री करताना त्यांनी मनातल्या मनात एक भाषण पाठ केलं. ते डॉक्टरीणबाईंसमोर करायचं होतं. निकाल कसाही लागो, करायचंच होतं, वेडा तर वेडा.

त्या दिवशी काकू ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. वाटेत त्यांनी काकांचा हात धरला तो सोडला नाही. "काही निघालं तरी घाबरायचं नाही हं," म्हणाल्या. "मी आहे ना." काकांनी हात काढून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि काकूंकडे बघून विचारलं, "दोघांचं एकत्रच सांगू, की तुमचं तुम्हाला वेगळं सांगू? तुमची परवानगी लागेल काकू."

"आमच्यात लपवायचं काय असतं?" काकू म्हणाल्या. "सांगा तुम्ही. आधी यांचं सांगा, माझा जीव त्यात अडकलाय."

"काकांचं उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी उत्तम. काळजी करण्यासारखं काहीच दिसत नाही. आता काकू, तुमच्याबद्दल..."

पण पुढचं ऐकायला काका खुर्चीत होते कुठे? ते उभेच राहिले. "ऐकलंस?" त्यांनी काकूंना विचारलं. मग डॉक्टरीणबाईंकडे वळले. "पुन्हा एकदा म्हणा. मोठ्याने म्हणा. उत्तम ना? शाबूत ना माझं डोकं? मग आता मी सांगतो ते ऐका आणि ते वेड्याचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. मला ठरवून वेडा करायचं चाललंय. ही करतेय. कपडे मी चुकीचे लावत नाही, ही हलवते! माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"काका, बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं ते परत उचललं. "काय पाहिलंत?"

कोणीतरी विचारलं! वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी नीट विचारलं, आणि विचारून उत्तराची वाट बघितली. काका बसले आणि सगळं सांगत सुटले. दोऱ्यांचं सांगितलं. दुपारच्या सोंगाचं सांगितलं. चपला हातात घेऊन कशी जाते, एकच झगा तीनतीनदा या टोकाचा त्या टोकाला कसा नेते, कोट हातात घेऊन पुटपुटत कशी उभी राहते.

"हे कधीपासून?"

"दोरे बांधल्यापासून मला दिसतंय, पण चाललंय वर्षभर. आणि हे एवढंच नाही! चहात मीठ घालते, मुद्दाम. एका सकाळी मला विचारते, साबण आला का? आला म्हटलं. परत विचारते, साबण आला का? परत विचारते. मला खिजवायला! दंतवैद्याला त्याच्या आधीच्या भाडेकरूच्या नावाने हाक मारली हिने, तोंडावर. मी दटावलं तर मलाच म्हणते तुम्ही विसरलात. आणि परवा बेकरीतून यायला तिला इतका उशीर. कुठे होतीस विचारलं तर सांगेना. मी नाक्यावर जाऊन बघतो तर आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभी, इकडे बघतेय, तिकडे बघतेय. मला बघितल्यावर हसली. लेकीला चोरून फोन करत असणार, दुसरं काय..."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. भराभर लिहीत होत्या, एकही शब्द सोडत नव्हत्या. आपलं बोलणं कोणी इतक्या आदराने लिहून घेतंय याचं काकांना बरं वाटलं, आणि बरं वाटता वाटताच त्यांना दिसलं की समोर उघडलेल्या फायलीवर त्यांचं नाव नाही. काकूंचं आहे.

त्यांनी बोलणं थांबवलं. मग काकूंकडे पाहिलं.

या क्षणाची ते किती दिवस वाट बघत होते! चोरी पकडल्यावर हिचं तोंड कसं उतरतं ते त्यांना बघायचं होतं. पण काकूंचा चेहरा चोरी पकडल्यासारखा नव्हता. कोणी भलताच कपडा हातात दिला आणि हा आपला नाही म्हणायलाही सुचेना, तशा त्या बघत होत्या.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी कपडे हलवते?"

"काकू," डॉक्टरीणबाई पुढे वाकून म्हणाल्या, "तुमच्या मेंदूचं काम काही ठिकाणी थोडं मंद झालेलं दिसतंय. जिथे आठवणी सांभाळल्या जातात तिथे. एवढ्यावरून मी काही पक्कं सांगत नाही, अजून तपासण्या करायच्या आहेत. पण काकांनी आत्ता जे सांगितलं ते त्याच्याशी जुळतं. ही सुरुवात आहे. लवकर कळलंय, त्यामुळे आपल्याला बरंच काही करता येईल."

"अदलाबदल झाली असेल," काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "दोघांची तपासणी एकाच दिवशी झाली. कागद इकडचे तिकडे झाले असतील. आमच्याकडे होतात ना कोट, तसे."

"नाही झाली काका. मी स्वतः पुन्हा तपासलंय."

"मग मी बोललो ते खोटं आहे. खोडा ते. दोरे मीच तोडले असतील, मला कुठे काय आठवतंय? विचारा हिला! वर्षभर सांगतेय ती, मी विसरतो. अगं सांग ना यांना! वकिलाचा कोट कोणी दिला? मीच दिला. मी विसरतो हो, डॉक्टर. तुमचं ते यंत्र बिघडलंय. माझ्या जबड्याने सगळा घोळ केला, ती मुलगीच म्हणाली. ते खोडा आधी!"

आणि म्हातारा रडायला लागला. ज्या माणसाने गिऱ्हाइकासमोर कधी खांदा पाडला नाही तो डॉक्टरीणबाईंच्या टेबलाची कड धरून हमसून हमसून रडला. कशाकशाचं वाईट वाटून घ्यावं त्यांना कळत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी उभी होती ती. घर सापडत नव्हतं तिला. मला बघून हसली, आणि मी तिला घरापर्यंत टोमणे मारत आणलं.

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे तुम्ही नव्हता विसरत?" त्यांनी विचारलं.

नव्हतो, अशी काकांनी मान हलवली.

"अहो मग रडता काय?" काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उजळला होता. "मी वर्षभर झोपले नाही नीट. म्हटलं यांना काही झालं तर हा माणूस कसा राहील, इस्त्रीशिवाय एक दिवस काढत नाही. लेकीला म्हटलं, खोली तयार ठेव, यांना एकट्याने सांभाळणं मला जमायचं नाही. बरं झालं बाई. सुटले मी." मग त्या जरा थांबल्या. आपण काय म्हणालो ते त्यांना आता कळत असावं. हात काकांच्या पाठीवरच राहिला, पण बोटांनी शर्ट घट्ट धरला. "मग आता दारात माणूस आला की कपडा कोणी काढून द्यायचा हो?"

"बघू," काका म्हणाले. "चिठ्ठ्या लावू."

"चिठ्ठ्या," काकू म्हणाल्या, आणि नाक मुरडलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना पाणी दिलं. मग म्हणाल्या की पुढच्या तपासण्यांना काकूंसोबत दर वेळी एकच माणूस यायला हवा. घरी काय घडतं ते जवळून बघणारा आणि जसंच्या तसं सांगणारा. कारण पुढे पुढे काकूंना स्वतःला ते सांगता येईलच असं नाही. तुमच्या मुलीला बोलवायचं का?

"मुलीला कशाला?" काकू म्हणाल्या. "हे येतील. यांच्या सगळं लक्षात राहतं. यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवा तुम्ही."

हेच वाक्य तिच्या तोंडून ऐकायला काका वर्षभर तळमळले होते. चारचौघांत म्हणावं, लेकीला फोन करून म्हणावं, निदान वकिलासमोर तरी म्हणावं, असं त्यांना वाटत होतं. आता ती म्हणाली, आणि काका तिच्याकडे बघत राहिले. तिने परत एकदा, वकिलासमोर म्हणाली होती तसंच ठसक्यात, अहो तुम्ही विसरलात म्हणावं, म्हणून ते थोडा वेळ थांबले. ती काही म्हणाली नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं आणि विचारलं की त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी काकू किती वेळ उभ्या असतील. काकांनी डोळे पुसले आणि आठवून सांगायला सुरुवात केली.